कोणी राहिलंय का?

१

वटारच्या भालूआजाला गावातल्या प्रत्येकानं एकदा तरी शिवी घातलेली आहे, आणि त्यातली एकही फुकटची नाही. सगळ्या त्यानं मेहनतीनं कमावलेल्या. चहात मीठ टाक, घाईत निघालेल्या माणसाची एकच चप्पल तगरीच्या झाडावर टांग, शेजारच्या सॅन्टनच्या बकरीला टोपी घाल, असले धंदे. सत्तरी उलटली, दात गेले, खोड काही गेली नाही. अक्षराशी त्याचं कधी जमलं नाही, पण सही त्याची ठरलेली होती. ज्या वस्तूवर खोडी करायची तिच्या पाठीवर कोळशानं मिशी काढायची. अशी पिळदार, झोकातली. मिशी दिसली की समजायचं, म्हातारा हसतोय कुठंतरी.

घरातल्यांना त्यानं नावं ठेवलेली. बायको मथुरा म्हणजे फौजदार. मुलगा जितेश मुंबईला हापिसात, म्हणून साहेब. सून जयवंती दिवसभर बोलायची, म्हणून रेडिओ. नात हेमाली शिकायची गणित, तेही काटाकाटीचं कसलंतरी, म्हणून खोडरबर.

घर साधंच. टाइल्स, मिक्सर, गच्चीत टाकी, स्वयंपाकघर तेवढं जुनं, चुलीचं, कौलाचं, मागं सोनचाफ्याची वाडी. आठवडाभर जो तो टेबलावर येईल तसा जेवायचा. रविवारी दुपारी मात्र सगळ्यांनी खाली, पाटावर. ही ह्या घरची रीत. पाटांचीही रीत होती. मूल जन्माला आलं, सून घरात आली, की तिच्या नावाचा फणसाचा पाट करायचा, मधोमध पितळेचं फूल ठोकायचं. माणूस गेलं की तेराव्याला त्याचा पाट चुलीत घालून त्यावर आंघोळीचं पाणी तापवायचं. म्हणून जेवढी डोकी तेवढे पाट. एक जास्त नाही, एक कमी नाही.

तर त्या रविवारी भालूआजाला वाटलं, एक पाट लपवू या. कोण उभं राहतंय बघू, कसं भांडण लागतंय बघू.

हाताला आला तो पाट उचलला, पाठीवर मिशी काढली, शिडी लावली आणि स्वयंपाकघरावरच्या पोटमाळ्यात हातानंच आत ढकलला. वर चढून बघितलं नाही. गुडघे कुठं देतात! खाली आला आणि आपल्या पाटावर जाऊन साळसूद बसला.

सगळे येऊन बसले. पानावर बिरडं, भात, केळफुलाची भाजी. मथुरानं डाव हातात घेऊन नेहमीसारखं विचारलं, "कोनी राहिलंय का?"

हे तिनं विचारायचं, कोणीतरी "नाही" म्हणायचं, मगच पहिला घास. भालूआजाला हसू आवरेना. त्यानं डोळे गच्च मिटले आणि म्हणाला, "नाय! कोन नाय राहिलं. वाढ."

डोळे उघडले तर सगळे बसलेले. प्रत्येकाखाली पाट. कोणी उभं नाही, कोणी चिकटून बसलेलं नाही. साहेब पापड मोडत होता.

भालूआजाचा घास हातातच राहिला.

२

"फौजदार," दुपारी सुपारी कातरताना त्यानं विचारलं, "आपले पाट किती गं?"

"पाच."

"सहा नव्हते?"

"सहावा कोनाचा? माज्या सवतीचा?" मथुरा म्हणाली. "मानसं पाच, पाट पाच. ऊन डोक्याला लागलं काय तुमच्या?"

आता बघा. ती काही चूक बोलत नव्हती. त्यानंही मोजलं, बोटांवर मोजलं. मी, फौजदार, साहेब, रेडिओ, खोडरबर. पाच. भिंतीला टेकवलेले पाट, पाच. हिशोब चोख. पण मग त्यानं वर ढकलला तो काय होता? हाताला फणसाचा गुळगुळीतपणा अजून लागत होता. तळहातावर कोळसा होता.

म्हातारपण, त्यानं स्वतःला समजावलं. पाच होते, एक लपवला असं वाटलं, प्रत्यक्षात लपवलाच नाही. होतं असं. परवा चष्मा डोळ्यावर असताना चष्मा शोधला नव्हता का?

अंगणात आला. पायरीखाली चपलांची रांग. टोकाला एक छोटा जोड होता, गुलाबी, एका पट्ट्याला सेफ्टीपिन लावलेली.

"सूनबाई, ह्या कोनाच्या?"

जयवंतीनं वाकून बघितलं. "पाहुण्यांपैकी कोणाच्या राहिल्या असतील, बाबा."

"कुठले पाहुने? कोन आलं होतं?"

ती सांगायला तोंड उघडून थांबली. रेडिओ बंद पडलेला भालूआजानं त्या दिवशी पहिल्यांदा बघितला.

३

पुढं बारीकसारीक दिसायला लागलं. दिसायला लागलं की मग दिसतच राहतं, त्याला औषध नाही.

बेसिनखाली प्लास्टिकचं स्टूल होतं. ह्या घरात बेसिनला हात पुरत नाही असं कोणी नव्हतं. चिंचेच्या झाडाला झोपाळ्याची दोरी होती, इतकी खाली की मोठ्या माणसाचं ढुंगण जमिनीला टेकावं. आणि सकाळी जयवंती मागच्या पायरीवर बसायची, गुडघे फाकवून, हातात फणी, मांडीवर दोन लाल रिबिनी. समोर कोणी नाही. थोडा वेळ बसायची. मग उठून जायची.

"काय करत होतीस गं?"

"काही नाही बाबा. अशीच बसले होते." आणि रिबिनीकडं बघून, "ह्या कुठून आल्या?"

एका दुपारी ओटीवर पडल्या पडल्या भालूआजाला तहान लागली. त्यानं नेहमीसारखी हाक मारली, "ए भिंगरी! पानी आन!"

हाक मारून झाली आणि त्याच्या मानेवर काटा आला. कोण भिंगरी?

नाव त्यानंच ठेवलेलं, ह्यात शंका नाही. त्याच्याच घडणीचं नाव होतं ते. जिभेवर कसं घासून गुळगुळीत झालं होतं. एका जागी न ठरणाऱ्या, गरागरा फिरणाऱ्या कोणालातरी ठेवलेलं. चौघांना ठेवलेली नावं चार. ही पाचवी भिंगरी कोणाला बसत नव्हती.

आत, माजघरात, कोणीतरी पळत निघालं आणि मधेच थांबलं असा आवाज झाला. मग माठावरची झाकणी हलली. मग काहीच नाही.

भालूआजा उठून बघायला गेला नाही. मांजर असेल, म्हणाला. ह्या घरात मांजर नाही.

सॅन्टन शिडी परत मागायला आला, तोही कुंपणापाशी घुटमळला. "भालू, तुज्या वाडीत केवडी कलकल असायची रे. हल्ली आयकू येत नाय."

"कोनाची कलकल?"

सॅन्टननं डोकं खाजवलं. "तेच तर आठवत नाय मला." छातीवर क्रूस केला आणि शिडी न घेताच गेला.

४

शेवटी तो हेमालीकडं गेला. ती मधल्या खोलीत कॉम्प्युटर मांडून बसलेली.

"खोडरबर, तू काय करतेस ते मला सांग. येड्याला सांगतात तसं."

"तुम्हाला सांगायचं म्हणजे तसंच सांगावं लागेल, आजोबा," ती हसली. "हे बघा. ह्या यंत्राला विचार करायची एकच रीत माहीत आहे. दोन वाक्यं घ्यायची. एका वाक्यात एखादी गोष्ट 'आहे', दुसऱ्यात तीच 'नाही'. मग ती दोन्हीकडून काटायची, उरलेलं जोडून नवं वाक्य करायचं. बस्स. काटत काटत शेवटी काहीच उरलं नाही, नुसती रिकामी चौकट आली, की समजायचं, जे मांडलं होतं ते मुळात शक्यच नव्हतं."

"आनि काटलेलं? त्याचं काय होतं?"

"काय व्हायचंय? नव्या वाक्यात त्याची खूणही नसते. असं काही होतं हे त्या वाक्याला माहीतच नसतं."

भालूआजानं एका हाताची बोटं मोजली. मग म्हणाला, "सहा मानसं. पाच पाट. सगळे बसले, कोनी कोनाच्या मांडीवर नाय. होईल?"

हेमालीनं मान वर केली. "तुम्हाला हे कोणी सांगितलं? आजोबा, हे आमच्यातलं फार गाजलेलं कोडं आहे. तुम्ही-आम्ही मोजतो आणि लगेच सांगतो, नाही होणार, एक उभं राहील. यंत्राला मोजता येत नाही. त्याला फक्त काटता येतं. मग ते बघतं, हा इथं बसला तर, तो तिथं बसला तर... माणसं वाढली की काम असं फुगतं की विचारू नका. पंचवीस-तीस माणसं घाला, तुमची वाडी कितीदा फुलेल आणि सुकेल, ह्याचं चालूच. ह्याहून लवकर होणारच नाही, हे पक्कं सिद्ध झालंय. मी त्याच्याच पुढचं करतेय."

"मग लिहून का नाय ठेवत मधलं मधलं?"

"जागा पुरत नाही. मग ते मधली वाक्यं फेकून देतं. विसरतं. आणि थोड्या वेळानं तेच परत काढत बसतं, पहिल्यांदाच काढल्यासारखं."

"तुझ्या बापासारखं आहे मग." खोडी काढल्याशिवाय त्याला राहवेना. "खोडरबर, आपल्या घराचं घाल त्यात. सहा डोकी, पाच पाट."

"आपण पाच आहोत, आजोबा."

"एक जास्तीचं घाल."

"कोण म्हणून?"

"मला माहीत असतं तर तुझ्याकडं आलो असतो?" म्हातारा म्हणाला. त्याची हनुवटी हलत होती. हेमालीनं त्याला असं कधी बघितलं नव्हतं. "मी काहीतरी करून बसलोय बाय. मस्करीत. मला तिला परत आनायचंय, आनि ती कोन तेच मला माहीत नाय."

हेमाली कॉम्प्युटरकडं वळली. तिनं घातलं.

"सहा माणसांना तर चुटकी वाजवायचाही वेळ लागणार नाही," ती म्हणाली.

कॉम्प्युटरचा पंखा घूं करून सुरू झाला. ती बघत बसली. तो बघत बसला. चहा झाला, दिवे लागले. पंखा चालूच.

५

पंखा चालूच राहिला. घरात कुठंही जा, घूं ऐकू यायचं. मोरीत, ओटीवर, देव्हाऱ्यापाशी. मथुरा म्हणायची, "गांधीलमाशीचं पोळं आनून ठेवलंय नातीनं."

हेमाली पहिल्यांदा हसली. मग तिनं आपण घातलेलं तपासलं, परत तपासलं. सहा डोकी, पाच पाट. बरोबर. तिनं बंद करून नव्यानं लावून बघितलं. परत घूं. एक दिवस भालूआजा स्वयंपाकघरात सुपारी शोधत होता तेव्हा ती आली आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिली. डोळ्यांखाली काळं झालेलं.

"आजोबा, सहा माणसांना एवढं लागत नाही."

"मग?"

"एवढं लागायला..." ती पोटमाळ्याच्या काळ्या तोंडाकडं बघत होती, का कोण जाणे. "खूप माणसं लागतील, आजोबा. खूप जास्त."

६

दुसऱ्या दिवशी दुपारी, मथुरा आणि जयवंती वाडीत चाफा काढत असताना, भालूआजानं शिडी लावली. ह्या वेळी हात घालून भागणार नव्हतं. गुडघ्यांना शिव्या घालत तो चढला आणि डोकं आत घातलं.

कौलाच्या फटीतून उन्हाची एक पट्टी येत होती. त्या पट्टीत त्याला त्यानं लपवलेला पाट दिसला. लहानसा, मधोमध पितळेचं फूल, कडेवर बारीक दातांच्या खुणा. दात येतानाचं मूल जे सापडेल ते चावतं, तशा.

तो पाट दुसऱ्या एका पाटावर होता.

भालूआजाला वाटलं, उन्हानं डोळे दिपले. हात लांब केला. खाली पाट. त्याच्याखाली पाट. शेजारी दुसरी चळत, तिच्या मागं तिसरी, उन्हाची पट्टी संपेपर्यंत आणि मग अंधारात पुढंही. सगळे फणसाचे. सगळ्यांवर पितळेचं फूल. बसून बसून मधे खोलगट झालेले. ह्यातला एकही जाळलेला नव्हता. म्हणजे ह्यातलं कोणी मेलेलं नव्हतं.

जवळचा एक उचलून उलटा केला.

पाठीवर मिशी होती.

दुसरा उलटा केला. मिशी. तिसरा. पिळदार, झोकातली, कोळशाची. काही ताज्या, काही पुसट. असली मिशी वटारात दुसऱ्या कोणाला येत नव्हती.

"मी येकदाच केलं," तो अंधाराला म्हणाला. "आईशपथ. येकदाच."

सगळ्यात वरचा, दातांच्या खुणांचा, त्यानं छातीशी धरला. तो कोमट होता. आत्ताच कोणीतरी उठून गेल्यासारखा.

७

ती सगळी परत कशी आणायची ह्याचा विचार करायला तो बसला आणि डोकं फिरायची वेळ आली. मग त्यानं ठरवलं, एकीचं बघू. भिंगरीचं.

त्या रविवारी मथुरा कशी विचारते आणि आपण काय म्हणालो, हे त्याला लख्ख आठवत होतं. तिनं विचारलं, आपण "नाय" म्हणालो. दाराशी कोणीतरी उभं होतं, पाट नाही म्हणून रडकुंडीला आलेलं, आणि आपण डोळे मिटून, हसत, नाही म्हणालो. काटायला एक 'आहे' लागतं आणि एक 'नाही'. खोडरबरनंच सांगितलं होतं. मग ह्या वेळी 'नाही' म्हणायचंच नाही. कोणालाही म्हणू द्यायचं नाही. आहे, आहे, आहे, असं म्हणत बसायचं.

रविवार आला. भालूआजानं स्वतः पाट मांडले. पाच नेहमीचे, आणि टोकाला छोटा.

"हा कुठला?" जितेश म्हणाला.

"बस, साहेब. प्रश्न इचारू नको."

पानं वाढली. गंमत बघा, मथुरा वाढत गेली आणि छोट्या पाटापुढच्या पानावरही वाढून गेली. भात थोडा, वर तूप जास्त, मिरची वेचून काढलेली. तिचं तिलाच कळलं नाही. जयवंतीनं ते बघितलं आणि पदर तोंडाला लावला.

"कोनी राहिलंय का?" मथुरानं विचारलं.

"आहे," भालूआजा म्हणाला. "राहिलंय. थांबा."

चर्चची बाराची घंटा झाली. सगळे थांबले. भातावरची वाफ गेली.

"बाबा, कोण राहिलंय?" जितेश.

"आहे. थांब."

आणि तेवढ्यात घरभर एकदम शांतता झाली. कसली ते कळायलाही वेळ लागला. पंखा बंद पडला होता.

"संपलं!" हेमाली उठलीच. "आजोबा, आलेच मी, बघून येते," आणि मधल्या खोलीत पळाली.

माजघराच्या दाराला पडदा होता. हेमाली गेली तसा तो हलला, आणि मग हलायचा थांबला. पडद्याखाली वीतभर मोकळी जागा. त्या जागेत भालूआजाला दोन पाय दिसले. लहान, मातीनं भरलेले, एकावर दुसरा घासत उभे. आत यायला लाजतंय मूल, तसे.

त्या पायांमागं आणखी पाय होते. मोठे, म्हातारे, जोडवी घातलेले, भेगाळलेले. दाटीवाटीनं. माजघर मागच्या भिंतीपर्यंत पायांनी भरलेलं.

"ये," भालूआजानं हात पुढं केला. "भिंगरे, ये. आहे, मी म्हनतोय ना, आहे."

छोटा पाय पुढं आला. बोटं पडद्याच्या अलीकडं टेकली.

"अहो, अन्न गार होतंय," मथुरा कावली होती. तिची पाठ दाराकडं. "परत इचारते. कोनी राहिलंय का?"

"आहे!" भालूआजा ओरडला.

मधल्या खोलीतून हेमालीचा आवाज आला, "आजोबा, इथं काहीच नाहीये, नुसती रिकामी चौकट..."

"नाही!" जितेश भुकेनं वैतागून म्हणाला. "कोणी राहिलेलं नाही. वाढ गं आई."

८

जेवण छान झालं. केळफुलाची भाजी फक्कड जमलेली. भालूआजानं साहेबाच्या ताकात मीठ टाकलं, रेडिओनं शेजारच्या फ्लॉसीच्या लग्नाची सगळी बातमी सांगितली, फौजदारनं म्हाताऱ्याला दोनदा झापलं. चार माणसं, हसतखेळत.

उठताना मथुरा म्हणाली, "हे दोन पाट जास्तीचे कोनी मांडले? आनि दोन पानं वाढलेली. कमाल आहे माजी."

"माझी नसेल ना खोडी?" भालूआजानं छोटा पाट उलटा केला. पाठीवर मिशी. "माझीच की!" त्याला हसू आलं. कोणासाठी केली होती, ते काही आठवेना.

जितेशनं मधल्या खोलीतून डोकं काढलं. "बाबा, हा कॉम्प्युटर कोणाचा?"

"तुझ्या हापिसचा असेल. मला काय इचारतो, मला अक्षर येत नाय."

भालूआजाला तहान लागली. हाक मारायला तोंड उघडलं आणि जिभेवर एक नाव आलं, खोडरबर. मग आणखी एक आलं, भिंगरी. दोन्ही झकास नावं. त्याच्याच घडणीची. कोणाला ठेवली होती बरं? त्यानं घरातली डोकी बोटांवर मोजली. चार. नावंही त्यांची त्यांना होती.

पाणी त्यानं आपलं आपणच घेतलं.

मग दोन्ही पाट उचलले. दुसऱ्याची पाठ कोरी होती, ते काही त्याला बरं दिसेना. चुलीतून कोळसा घेतला आणि झोकात मिशी काढली. शिडी भिंतीला होतीच. तो दोन पायऱ्या चढला, हात आत घातला आणि पाट एकावर एक ढकलून दिले. वर बघितलं नाही. गुडघे कुठं देतात!

उतरता उतरता त्याच्या मनात एक गंमत आली, आणि तो एकटाच खुदखुदायला लागला. चार माणसं, चार पाट. पुढच्या रविवारी त्यातला एक लपवला तर?

कोण उभं राहतंय, बघू या.